गाडी खाली बसविताना : कापण्याआधी माप घ्या

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या कामाशी आमचा संबंध एवढाच की तागे आणि गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करण्यात आमची निम्मी उमर गाडीत गेली. तरी आज या पानावर गाडीच्या स्प्रिंगविषयी लिहावयास घेतले आहे, त्याला कारण आहे.

गडचांदूर, राजुरा, कोरपना या भागात तरुण मुलांमध्ये गाडी 'खाली बसविण्याची' हौस वाढत आहे. मूळ उंचीपेक्षा गाडी दोन-तीन बोटे खाली आणली की ती रुबाबदार दिसते, वळणावर कमी झुकते, असे ते म्हणतात. यात खोटे काही नाही. गाडीचे वजन जमिनीजवळ आले की झोल कमी होतो. पण हे काम कसे करावे, कोणते भाग निवडावे आणि कुठे थांबावे, हे न समजता केले तर काय होते ते आम्ही आमच्याच घरात पाहिले.

आमच्या पुतण्याने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि एका मोठ्या शहरातील गॅरेजमधून ती खाली करून आणली. मिस्त्रीने नवे काहीच बसविले नव्हते. मूळच्याच चार स्प्रिंगा ग्राइंडरने एकेक वेढा कापून परत लावल्या होत्या. महिनाभर सर्वांनी तारीफ केली. मग एके दिवशी जिवतीहून घाट उतरून परतताना पुढचे चाक एका खड्ड्यात लोंबले, स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकली आणि तिचे कापलेले टोक टायरला घासू लागले. गाडीत पुतण्याची बायको आणि दोन मुले होती. वेग कमी होता म्हणून निभावले. टायर काढून पाहिला तर आतल्या कडेची तार उघडी पडलेली. पुतण्या आम्हाला म्हणाला, "काका, मिस्त्री तर म्हणाला होता की काही होत नाही."

त्या 'काही होत नाही'चा हिशेब आम्ही नंतर जाणकार कारागिरांकडे बसून समजून घेतला. तोच येथे मांडीत आहोत.

पहिले काम : माप

शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी माप घेतो. गाडीचेही तसेच आहे. सपाट जागेवर, चारही टायरमध्ये बरोबर हवा भरून, गाडी रिकामी ठेवून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि चारही आकडे कागदावर लिहावे. टायर लहान-मोठा असला तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा ते भरवशाचे.

पुष्कळ वेळा या मापातच कळते की जुनी गाडी आधीच एका बाजूने पंधरा-वीस मि.मी. बसलेली आहे. अशा गाडीला खाली करण्याची नव्हे, दुरुस्तीची गरज असते.

दुसरे माप शॉकअपच्या दांड्याचे. दांड्यावर रबराची बारीक रिंग चढवावी, किंवा रबर स्टॉपरला ग्रीसचे बोट लावावे. मग घरची सर्व माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. रिंग कुठवर सरकली, ग्रीस पुसले गेले की नाही, यावरून कळते की मूळ उंचीवरच किती जागा शिल्लक आहे. स्टॉपर आताच आपटत असेल तर गाडी खाली करण्याचा विचार तिथेच सोडावा.

स्प्रिंगचा हिशेब

स्प्रिंग म्हणजे एक तराजूच आहे. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचे २५० किलो वजन येते आणि स्प्रिंग अशी आहे की ती एक मि.मी. दाबावयास २ किलो लागतात. म्हणजे उभ्या गाडीत ती १२५ मि.मी. दबलेली असते. तेथून स्टॉपरपर्यंत ८० मि.मी. वर जाण्यास जागा आहे आणि खड्ड्यात चाक लोंबले तर ८० मि.मी. खाली जाण्यास जागा आहे, असे धरू. आकडे गाडीगणिक बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

आता गाडी ३० मि.मी. खाली आणली. स्टॉपरपर्यंतची जागा ८० ची ५० उरली. पूर्वी स्टॉपरला टेकण्याआधी स्प्रिंग १६० किलो जादा वजन झेलीत होती, आता तीच स्प्रिंग १०० किलोच झेलील. म्हणून खाली बसणारी स्प्रिंग मूळच्यापेक्षा कडक घ्यावी लागते. समजा २ ऐवजी २.५ किलोची घेतली. तरी ५० मि.मी.मध्ये ती १२५ किलोच झेलते. म्हणजे स्प्रिंग कडक झाली, कंबरेला धक्के वाढले आणि भार पेलण्याची ऐपत मात्र मूळच्यापेक्षा कमीच राहिली.

दुसरी बाजू पाहा. २.५ किलोची स्प्रिंग २५० किलोखाली फक्त १०० मि.मी. दबते. गाडी ३० मि.मी. खाली आल्यामुळे चाक खाली लोंबण्याची जागा मात्र ८० ची ११० झाली. चाक पूर्ण लोंबले की शंभर मि.मी.ला स्प्रिंग संपूर्ण सैल होते आणि पुढचे दहा मि.मी. ती बैठकीत मोकळी खुळखुळते. मूळच्या मापात अशा वेळीही ती ४५ मि.मी. दबलेलीच राहत होती, म्हणून जागेवर घट्ट बसत होती. आमच्या पुतण्याच्या गाडीत हेच झाले.

या हिशेबातून एक गोष्ट पक्की होते. खाली बसणाऱ्या स्प्रिंगबरोबर कमी लांबीचा शॉकअप लागतो, म्हणजे चाक तेवढे लोंबणारच नाही. नाहीतर सैल जागा भरून काढणारी छोटी मदतनीस स्प्रिंग लागते. नुसती स्प्रिंग बदलणे हे अर्धे काम आहे.

कापलेली आणि तापवलेली स्प्रिंग

सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक कापला की उरलेली स्प्रिंग सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के कडक होते. त्यामुळे 'कापल्याने स्प्रिंग मऊ होते' हा समज चुकीचा आहे. खरा दोष वेगळा आहे. मूळ स्प्रिंगचे टोक बैठकीच्या आकारात वळवलेले असते. ते गेले की कापलेले टोक एका ठिपक्यावर टेकते, बैठक खाते आणि फिरते. शिवाय वर सांगितलेला सैलपणा येतो तो वेगळाच.

गॅसने तापवून स्प्रिंग बसविणे हे त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन ठरावीक उष्णतेवर उतरविलेले असते. ते लाल केले की त्याचा जीव जातो. अशी स्प्रिंग दिवसेंदिवस बसत जाते, किंवा तडकते. स्प्रिंगला वेल्डिंग करण्याबद्दलही तेच समजावे.

कोणता भाग निवडावा

(१) स्प्रिंग : त्याच मॉडेलसाठी बनविलेली, भाग क्रमांक छापलेली आणि बनविणाऱ्याचे नाव असलेली घ्यावी. किती मि.मी. खाली येईल आणि पुढे-मागे किती वजनासाठी आहे, हे दुकानदाराला विचारावे. त्याला सांगता येत नसेल तर घेऊ नये. एका एक्सलच्या दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलाव्या. सर्व वेढे एकमेकांना चिकटण्याआधी रबर स्टॉपर लागला पाहिजे. तारेची जाडी गुणिले वेढे एवढी लांबी कुठवर येते ते बसविण्याआधी पाहावे.

(२) शॉकअप : स्प्रिंगचा उसळा आवरणे हे शॉकअपचे काम. कडक स्प्रिंगला जुना, थकलेला शॉकअप दिला तर गाडी घोड्यासारखी उडते. मूळ लांबीचा शॉकअप खाली आणलेल्या गाडीत नेहमी आपल्या तळाजवळ काम करतो. तळ आपटला की आतला व्हॉल्व्ह मोडतो आणि सील तेल सोडते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप एकाच बनावटीचा जोड म्हणून मिळत असेल तर तोच घ्यावा.

(३) रबर स्टॉपर : काही मिस्त्री जागा वाढावी म्हणून स्टॉपर काढूनच टाकतात. हा गुन्हाच समजावा. स्टॉपर नसला की लोखंडावर लोखंड आपटते आणि धक्का थेट बॉडीच्या पत्र्याला जातो. जोडाबरोबर जो आखूड स्टॉपर येतो तोच बसवावा.

(४) कॉइलओव्हर : यात शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि कडी फिरवून उंची कमी-जास्त करता येते. किंमत बरीच पडते. घेताना एक पाहावे. उंची खालचा पाय फिरवून बदलते, की नुसती स्प्रिंगची कडी सरकवून? पहिल्या प्रकारात शॉकअपची चाल शाबूत राहते. दुसऱ्या प्रकारात गाडी जेवढी खाली याल तेवढी चाल जाते. आणि आपल्याकडे सिमेंटची धूळ आहे. ती ओल्या आट्यांत बसली की कडी जाम होते. आटे पुसून ग्रीस लावण्याची तयारी नसेल तर हा खर्च करू नये.

(५) पाटे : मागे पाटे असलेल्या गाडीत आधी वाकून पाहावे की पाटा एक्सलच्या वर आहे की खाली. पाटा एक्सलच्या खालून गेला असेल तर मध्ये ठोकळा दिल्याने गाडी खाली येते. पाटा वरून गेला असेल तर त्याच ठोकळ्याने गाडी उंच होते. पाट्यातले एक पान काढल्याने गाडी खाली येते खरी, पण भार पेलण्याची ताकदही जाते. सामान वाहणाऱ्या गाडीत असे कधीही करू नये.

(६) टायर : लहान टायर घातला तरी गाडी खाली येते. पण मग किलोमीटरचा काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवितो, आणि टायरवर लिहिलेली भाराची मर्यादा मूळच्यापेक्षा कमी असण्याचा धोका राहतो. तो आकडा वाचल्याशिवाय टायर बदलू नये.

आपले रस्ते

मुंबई-पुण्याचे चित्र पाहून गडचांदूरला निर्णय घेता येत नाही. आपल्या भागातून सिमेंट, चुनखडी आणि कोळशाचे जड ट्रक अहोरात्र धावतात. रस्त्याखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी थर लाटांसारखा होतो. ट्रकच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात व मध्ये उंचवटा उभा राहतो. छोट्या गाडीची चाके चाकोरीत गेली की तो उंचवटा नेमका इंजिनाच्या चेंबरखाली येतो. चेंबर फुटला, तेल गेले आणि चालकाला कळले नाही, तर सारे इंजिन बसते.

गतिरोधकाचाही हिशेब करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सें.मी. उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलसर सांगितला आहे. चाकांमधील अंतर सुमारे २.४५ मीटर असलेली गाडी त्याच्या मधोमध आली की दोन्ही चाके उतारावर चढलेली असतात आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मि.मी.नेच कमी होते. म्हणजे नियमाचा गतिरोधक कोणाचा शत्रू नाही. पण गल्लीत रातोरात घातलेला हातभर रुंदीचा आणि १२ सें.मी. उंचीचा ढिगारा सगळाच दोन्ही चाकांच्या मध्ये येतो. आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांची जमिनीपासूनची उंची १६० ते १७० मि.मी. असते. १६५ धरू. माणसे बसल्यावर ३० गेले, उरले १३५. ढिगारा पार होतो. गाडी आणखी ३० खाली आणली की उरले १०५, आणि पोट घासलेच.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. चाकणच्या कारखान्यात २००९ साली बनू लागलेली फोक्सवॅगन पोलो भारतीय रस्त्यांसाठी युरोपातील पोलोपेक्षा उंच ठेवली होती. ज्यांनी खर्च करून गाडी उचलून दिली, ती आपण पुन्हा खर्च करून खाली आणतो, याचा विचार व्हावा.

या हौसेचे माहेर अमेरिकेतील कॅलिफोर्निया. तेथे १९५८ पासून कायदा होता की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नसावा. १९५९ साली रॉन अगिरे यांनी आपल्या गाडीत हायड्रॉलिक पंप बसवून तोड काढली. गाडी उभी असताना खाली, पोलीस दिसले की वर. तो नियम १ जानेवारी २०२४ पासून हटविण्यात आला. पण कसोटी म्हणून तो आजही उपयोगी आहे. टायरची हवा गेली तरी गाडीचा एकही भाग जमिनीला टेकता कामा नये.

आमचे मत असे की आपल्या भागात रोज चालणारी घरची गाडी २५ मि.मी.पेक्षा जास्त खाली आणू नये, आणि माल वाहणारी गाडी मुळीच खाली आणू नये.

बसविताना आणि बसविल्यानंतर

कारागीर बंधूंनी स्प्रिंग काढताना दोन्ही बाजूंनी दोन मजबूत क्लॅम्प लावावे. दबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. ती सुटली तर हात आणि चेहरा वाचत नाही. दोरी, तार किंवा एकच क्लॅम्प यांवर भरवसा ठेवू नये.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी नव्या उंचीवर बसल्यावरच शेवटचा पीळ द्यावा. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते.

त्यानंतर पुढील तपासणी करावी :

– चारही कोपऱ्यांचे माप पुन्हा घेऊन आधीच्या कागदाशी ताडावे.
– स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का, ब्रेकचा होज ताणतो का, हे पाहावे.
– अलाइनमेंट करून घ्यावे. गाडी खाली आली की चाके वरून आत झुकतात आणि टाय रॉडचा कोन बदलतो. अलाइनमेंट न केल्यास टायरची आतली कड आधी जाते, आणि ती वाकल्याशिवाय दिसत नाही.
– हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा. पुढचा आणि मागचा भाग सारखा खाली आला नसेल तर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.
– काही गाड्यांत मागच्या एक्सलला भारानुसार ब्रेक देणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग खाली आला की गाडी भरलेली आहे असे समजून तो मागच्या चाकांना जादा ब्रेक देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे लावल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नये.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. उंचीचा आकडा नोंदणी पुस्तकात दिसत नाही म्हणून सर्व चालते, असे कोणी समजू नये. काम करण्याआधी चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

शेवटी दोन शब्द

आमच्या दुकानात गिऱ्हाईक कधी कधी कच्च्या रंगाचे कापड मागते. आम्ही सांगतो, रंग जाईल. ते रागावते, दुसऱ्या दुकानात जाते. पण पुष्कळदा पुढच्या खेपेला परत येते, कारण दुसऱ्याने सांगितले नव्हते.

गॅरेजवाल्या बंधूंनाही आमचे हेच सांगणे आहे. गिऱ्हाईक गाडीची चावी देते तेव्हा त्या गाडीत बसणारी मुलेबाळेही तुमच्या हाती अमानत म्हणून देते. स्प्रिंग कापून दोन तासांत मजुरी मिळते. माप घेऊन, पूर्ण जोडाची किंमत सांगून, 'एवढेच खाली करा' किंवा 'या गाडीला नको' असे म्हणण्यात आजची मजुरी कधी बुडते. पण त्या बुडालेल्या मजुरीत जी बरकत आहे ती कापलेल्या स्प्रिंगमध्ये नाही.

आमच्या पुतण्याने अखेर कंपनीच्या मूळ स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि दोन टायर घेतले. खाली करण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम वर आणण्यात गेली. गाडी आता पूर्वीइतकीच उंच आहे आणि दर आठवड्याला जिवतीचा घाट चढते.